बडेबाबूंच्या तीन प्रती

आमच्या हिंगणघाटात एक गृहस्थ आहेत, ते माणसाला नावानं हाक मारत नाहीत, टक्क्यांनी मारतात. सोमवारच्या बाजारात तुम्ही खाली वाकून वांगी निवडत असता आणि मागून खणखणीत आवाज येतो, "काय बी.ए. बेचाळीस टक्के, वांगे कसे भेटले?" तुम्ही दचकता. भाजीवाली तुमच्याकडे पाहते, शेजारचं गिऱ्हाईक पाहतं, आणि तुम्ही घाईघाईत किडकी वांगी पिशवीत टाकून वाटेला लागता.

पुंडलिकराव भोयर त्यांचं नाव, पण गाव त्यांना बडेबाबू म्हणतं. आमच्या गावातल्या कॉलेजात ते चौतीस वर्षं ऑफिसात होते, त्यातली बरीचशी वर्षं हेडक्लार्क. गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या प्रत्येक पदवीधराचा प्रवेश, फॉर्म, मार्कलिस्ट आणि टीसी त्यांच्या हाताखालून गेली, आणि जाताना डोक्यात शिरून बसली. कोणाचा कोणता पेपर कितीदा राहिला, कोण तीन मार्कांच्या ग्रेसवर निघाला, सगळं त्यांना पाठ आहे. एकदा निवडणुकीच्या सभेत एक उमेदवार जोरात सांगत होते, "मी उच्चशिक्षित..." आणि त्यांची नजर पहिल्या रांगेतल्या बडेबाबूंवर गेली. "म्हणजे, मला शिक्षणाची अतिशय आवड आहे," असं म्हणून त्यांनी भाषण नाल्यांच्या प्रश्नाकडे वळवलं.

अल्लीपूरच्या एका घरी लग्नाची बोलणी चालू असताना मुलाचे वडील म्हणाले, "पोरगा फर्स्ट क्लास आहे." बडेबाबू फक्त खोकले. त्यांना खरंच ठसका लागला होता असं ते आजही शपथेवर सांगतात, पण ते लग्न काही जमलं नाही. तेव्हापासून लोक त्यांना लग्नाला बोलावतात, बोलणीला बोलावत नाहीत.

"दुसऱ्याचे मार्क तिसऱ्याले सांगाचे नाई, हे माहं तत्त्व आहे," ते म्हणतात. "ज्याचे त्यालेच सांगाचे. आता बाकीच्याईनं आयकलं त मी काय करू?"

माझं त्यांच्या समोरच घर आहे आणि घराखाली झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान. माझं नाव गजानन. पण रोज सकाळी शटर वर गेलं की समोरच्या ओसरीवरून आवाज येतो, "काय गजू, बी.कॉम. दोन, एक विषय राह्यलेला, उघडलं का दुकान?" तो विषय मी नंतर काढला, तरी त्यांनी माझी नोंद दुरुस्त केली नाही. फार चीड येते. पण माझ्या दुकानाचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईकही तेच. त्यांच्या घरात येणाऱ्या प्रत्येक कागदाच्या तीन प्रती निघतात. विजेचं बिल असो, डोळ्याच्या चष्म्याचा नंबर असो, कोणाच्या वास्तूची पत्रिका असो, तीन. "एक हाताशी, एक कपाटात, एक ट्रंकेत." आणि काहीही दिलं की पोच पाहिजे. एकदा काकडीची वाटीभर कोशिंबीर पाठवली आणि मागोमाग फोन केला, "पोच?" मी म्हटलं, "पोचली." तेव्हा कुठे फोन ठेवला.

एवढ्या माणसांचे टक्के पाठ असलेल्या या माणसाचे स्वतःचे टक्के किती, हे मात्र गावात कोणालाच माहीत नव्हतं. विचारायची हिंमतही कोणी केली नाही. खोकला सगळ्यांनाच आठवायचा.

त्यांची मुलगी मयुरी. काकू गेल्या तेव्हा ती आठवीत होती. त्यानंतर तिच्या दोन वेण्या बडेबाबू स्वतः घालायचे, आणि दोन्ही वेण्या सारख्या लांबीच्या आहेत की नाही ते ऑफिसच्या पट्टीनं मोजायचे. पोरगी हुशार. बापाच्याच कॉलेजात बी.एस्सी. कंप्युटरला गेली. दोन वर्षं पहिला नंबर. तिचे टक्के सांगताना बडेबाबूंचं तत्त्व कुठल्या कुठे जायचं. ते तिसऱ्याला, चौथ्याला, एसटीच्या कंडक्टरलाही सांगायचे.

आणि तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच तिनं कॉलेज सोडलं.

ते भांडण माझ्या दुकानात झालं, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो. ती प्रॅक्टिकलची वही झेरॉक्सला घेऊन आली होती. बडेबाबू चष्म्याच्या नंबराच्या तीन प्रती काढायला. ती वही काउंटरवर ठेवून म्हणाली, "बाबा, मी पुण्याले जाऊन राह्यली. तिथं कोडिंगचा कोर्स आहे. सहा महिन्याचा."

"डिग्री झाल्यावर जा."

"नाई. आताच."

"परीक्षा केवा असते त्याची?"

"परीक्षा नसते. रोज बारा तास काम करा लागते. शेवटी आपण बनवलेलं काम कंपनीले दाखवाचं."

"परीक्षाच नाई, मंग पास कसे होतेत?" बडेबाबूंना हे खरंच कळेना. "टीसी मागतेत का?"

"नाई मागत."

"टीसी न मागता जे घेतेत ते कॉलेज होय का धर्मशाळा?"

मला हसू आलं. पण मयुरी हसली नाही. तिनं ती वही उघडून त्यांच्यासमोर धरली. निळ्या शाईत, समास सोडून, सुंदर अक्षरात प्रोग्राम उतरवलेले होते. "हे पाहा. दोन वर्षं मी कंप्युटर वहीत शिकली बाबा. मागच्या बॅचच्या वहीतून ह्या वहीत. लॅब केवा उघडते? तपासणीची कमिटी येते तेवा. बाकी वर्षभर कुलूप. कंप्युटरवर कपडा झाकून."

"बिघडले असते. डेडस्टॉक रजिस्टरले एक जरी नग कमी भरला त..."

"चावी तुमच्याच कमरेले होती, बाबा."

दुकानात झेरॉक्सचं मशीन तेवढं चालू राहिलं. बडेबाबू रिटायर होऊन तेव्हा चारच महिने झाले होते, पण त्यांचा हात आपोआप कमरेकडे गेला. तिथं आता चावी नव्हती. ते आपल्या तिन्ही प्रती काउंटरवर विसरून निघून गेले. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मयुरीनं पुण्याची गाडी धरली.

कोण बरोबर होतं, मला आजही सांगता येत नाही. डिग्री घेऊन माझ्या दुकानात अर्जांच्या झेरॉक्स काढत फिरणारी पोरं मी रोज पाहतो. आणि तसले कोर्स करून परत आलेली, बापाच्या किराणा दुकानात बसलेली पोरंही पाहिलीत. मयुरीचेही मधले काही महिने फार वाईट गेले. ती फोनवर मला सांगायची, "गजूकाका, बॅचमधल्या कितीतरी जणाईले अजून काम नाई. बाबाले नका सांगजा."

बाबांना सांगायची गरजच नव्हती, कारण बाबा काही विचारतच नव्हते. ती दर रविवारी फोन करायची. ते फोन उचलायचे. "जेवली?" "हो." "बरं." फोन बंद. दीड वर्ष हे असंच.

आणि गावानं सूड घेतला. चौतीस वर्षांचा साठलेला. बडेबाबू बाजारात दिसले की बेचाळीस टक्केवाले, एक विषय राहिलेले, ग्रेसवाले सगळे गोड आवाजात विचारायचे, "बाबूजी, पोरीले किती टक्के पडले यंदा?" पहिल्यांदा ते काहीतरी पुटपुटले. मग बाजारात जायचेच बंद झाले. सोमवारची भाजी माझ्याकडून मागवू लागले. माझ्या दुकानातही मागच्या गल्लीनं यायला लागले. मी स्वतः तो प्रश्न कधी विचारला नाही, पण इतरांनी विचारला तेव्हा गालातल्या गालात हसलो होतो, हे कबूल करतो. आता त्याची लाज वाटते.

या दीड वर्षात त्यांच्या दोन गोष्टी मला कळेनात. एक म्हणजे ते दर पाच-सहा महिन्यांनी मयुरीचा फोटो मागायचे. "तुह्या मोबाईलात तिचा नवा फोटो आसन ना? पासपोर्ट साइज काढ. मागचं पांढरं कर. तीन कॉपी." मला वाटलं, गुपचूप स्थळं पाहत आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच सुमाराला ते वडनेरच्या बसमध्ये दिसायचे. वडनेरला त्यांचं ना शेत ना नातेवाईक. विचारलं तर म्हणायचे, "हवा चांगली आहे तिथची." वडनेरची हवा आमच्यापेक्षा वेगळी असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

यंदाच्या थंडीत, एका शनिवारी सकाळी, समोरच्या ओसरीवरून मोठमोठ्यानं बोलण्याचा आवाज आला. मी दुकान तसंच टाकून गेलो. मयुरी उभी होती. रात्रभर रेल्वेनं वर्ध्याला आणि तिथून पहिल्या एसटीनं आली होती, पाठीवरची बॅगही उतरवली नव्हती. बडेबाबू आरामखुर्चीत ताठ बसले होते.

झालं होतं ते असं. तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. तीन परीक्षा, चार मुलाखती, सगळं पार करून. डिग्री नाही म्हणून कंपनीला काही अडचण नव्हती. अर्जात तिनं खरं तेच लिहिलं होतं, कॉलेज तिसऱ्या वर्षी सोडलं. पण रुजू होण्याआधी कंपनी माहितीची खातरजमा करते. त्यांचा माणूस कॉलेजला बोलला. आणि कॉलेजनं सांगितलं, सोडलं कुठे? नाव रोलवर आहे, मागच्याच महिन्यात परीक्षेचा फॉर्म भरलाय.

कंपनीचा मेल तिनं मला दाखवला. तुमची माहिती आणि कॉलेजची माहिती जुळत नाही. शनिवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कॉलेज सोडल्याचा कागद पाठवा, नाहीतर खोटी माहिती दिली असं समजून नोकरी रद्द.

"फॉर्म तुमीच भरला ना बाबा?"

"तीन भरले," बडेबाबू म्हणाले.

"माही सही केली?"

"सही नाई केली." ते एकदम दुखावले. "चौतीस वर्षं नोकरी केली, दुसऱ्याची सही करन का मी? 'करिता' लिहून खाली माही सही केली. करिता, कंसात पालक."

ऑफिसात साहेब नसले की हाताखालचा बाबू 'करिता' लिहून सही करतो, तसं. आणि बडेबाबूंनी स्वतः आणलेला फॉर्म, खिडकीवर कोण अडवणार? मला वडनेरची हवा आता समजली. त्या फॉर्मच्या तीन प्रती काढायला ते तिथं जात होते, माझ्या दुकानात काढल्या तर गावाला कळेल म्हणून.

"काऊन भरले?" मयुरीचा आवाज फाटला. "दीड वर्ष मले एक शब्द बोलले नाई तुमी, आन तिकडे माह्या नावानं फॉर्म भरून राह्यले? तीन परीक्षेले मी गैरहजर! कायसाठी?"

नऊ वाजून गेले होते. बडेबाबू माझ्याकडे पाहून बोलायला लागले, तिच्याकडे नाही.

"गजू, तू बी.कॉम. दोन, एक विषय राह्यलेला. माह्या हाताखालचा दिलीप बी.ए. त्रेपन्न. माहे किती, तुले माहीत आहे का?"

मी मान हलवली.

"मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाले होतो. ह्याच कॉलेजात. परीक्षेच्या फॉर्मच्या टायमाले बाप आजारी पडला. कापसाच्या जिनिंगमंधी त्याच्या जागेवर मी उभा राह्यलो. फॉर्मची तारीख निंगून गेली. चार दिवसांनी कॉलेजात गेलो, त तवाच्या बाबूनं रजिस्टर उघडून दाखवलं. नावावर लाल रेघ. म्हने, नाव कटलं. संपलं. मंग त्याच कॉलेजात चपराशी लागलो. पहिल्याच दिवशी मले जुने रजिस्टर झटकाले लावले. त्यातबी ते रेघ होतीच." ते थांबले. "माह्यासाठी कोनी फॉर्म भरला असता, त... कोनी नाई भरला. म्हनून तुह्या नावावर लाल रेघ मारू द्याची नाई असं ठरवलं. पुन्यात जमलं नाई त तुले वापस याले जागा पायजे ना, माय."

शेवटचं वाक्य मात्र तिला होतं. दीड वर्षात 'जेवली' सोडून पहिलंच.

मयुरी खाली बसली. रडली नाही. घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "मले वापस याचं नाई बाबा. मले नोकरी पायजे. पाच वाजेपर्यंत."

कॉलेज शनिवारी दोनपर्यंत. आम्ही तिघं दहाला ऑफिसात पोचलो. बडेबाबूंच्या खुर्चीवर आता दिलीप बसतो. तो बिचारा उठून उभा राहिला. मी म्हटलं, साधं एक पत्र दे, की ही मुलगी कॉलेजात येत नाही.

"नाव रोलवर आहे तोवर सोडलं असं लिहून कसं देऊ गजूभाऊ? टीसी काढा लागन. आन टीसी निंघाली म्हनजे नाव कटलं. पुन्हा पहिल्यापासून प्रवेश. मागचे दोन वर्षं गेले." त्यानं बडेबाबूंकडे पाहिलं. "बाबूजीले सगळं माहीतच आहे."

बडेबाबूंना माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांच्या टीसी लिहिल्या होत्या. ते समोरच्या बाकावर बसले ते उठेचनात. साडेदहा झाले. अकरा झाले. मी खुणा करून दमलो. मयुरी खिडकीशी उभी होती आणि तिच्या मोबाईलवर वेळ दिसत होती. मला त्या क्षणी म्हाताऱ्याचा फार राग आला. सरळ सांगतो, हात धरून उठवावंसं वाटलं.

दिलीपनं फाईल काढली. तिन्ही फॉर्म त्यात होते. प्रत्येकावर मी काढलेला फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. पहिल्यात केस लांब, दुसऱ्यात चष्मा नवा, तिसऱ्यात चेहरा बारीक झालेला. मयुरीनं ते तिन्ही एकापुढे एक मांडून पाहिले. मग ती बापाशेजारी बाकावर जाऊन बसली.

"बाबा, जमलं नाई त मी वापस येईन. पण कॉलेजात नाई. घरी येईन. त्याले फॉर्म लागत नाई ना?"

बडेबाबूंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "दिलीप," ते म्हणाले, "टीसीबुक आन. तुहं अक्षर गिचमिड आहे. कंपनीले जाईन ते. मी लिवतो."

पुढचा अर्धा तास ऑफिसात फक्त पेनचा आवाज होता. त्यांनी जन्मतारीख अंकी लिहिली, अक्षरी लिहिली, तीनदा ताडून पाहिली. शेवटचे दोन रकाने लिहिताना हातानं कागद झाकून घेतला, शाळेत पोरं झाकतात तसा. मग दिलीपनं मोठं रजिस्टर उघडून लाल पेन त्यांच्यापुढे केलं. बडेबाबूंनी ते हातात घेतलं, पट्टी नावावर ठेवली, आणि पेन परत दिलं.

"तू ओढ," म्हणाले, आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

आता फक्त प्राचार्यांची सही. आणि प्राचार्य सकाळीच लग्नासाठी नागपूरला निघालेले! दिलीपनं फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. दोनला कॉलेज सुटलं तरी तो थांबला, आणि ही फोनाफोनी अडीचपर्यंत चालली. शेवटी प्राचार्यांचाच उलट फोन आला. गाडी बिघडून ते नागपूरच्या वाटेवर, जाम गावच्या चौकात अडकले होते, मेकॅनिक काम करत होता. "चारपर्यंत आहो मी इथं. त्याच्यानंतर नाई."

"शिक्का?" मी विचारलं. बडेबाबूंचा नियम गावाला माहीत होता. शिक्का ऑफिसबाहेर जात नाही, आणि सहीच्या आधी बसत नाही. या नियमापायी त्यांनी एकदा संस्थेच्या अध्यक्षांना दोन तास बसवून ठेवलं होतं.

बडेबाबूंनी डोळे मिटले. "मार दिलीप."

"सहीच्या आधी, बाबूजी?"

"मार म्हन्लं ना!"

माझ्या जुन्या व्हॅनमध्ये आम्ही निघालो. कापसाचा हंगाम. बाजार समितीच्या बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग अर्धा रस्ता अडवून उभी. पुढे कापूस, मागे कापूस, मध्ये आम्ही. तीन वाजले, सव्वातीन झाले. बडेबाबू टीसीचं पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होते, "गजू, हॉर्न मार." मी मारत होतो. साडेतीनला एकदाचा रस्ता मोकळा झाला. त्या व्हॅननं एवढा वेग आयुष्यात पाहिला नव्हता. मागे मयुरी डोळे मिटून बसली होती.

चारला पाच कमी असताना जामचा चौक आला. चहाच्या टपरीसमोर प्राचार्य गाडीचं दार उघडून आत बसायच्या बेतात. बडेबाबू व्हॅन थांबायच्या आधीच उतरले आणि साठीच्या वर गेलेला तो माणूस धावला. मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं.

प्राचार्यांनी टीसी बाकड्यावर ठेवली, चष्मा लावला आणि वाचायला लागले. सही करण्याआधी सगळं मोठ्यानं वाचायचं, ही सवय त्यांना बडेबाबूंनीच लावलेली. नाव. जन्मतारीख. वर्ग. "वर्तणूक, अत्युत्तम." ते थांबले. "बाबूजी, तुमच्या टीसीवर आजवर 'चांगली'च्या वर शेरा पाह्यला नाई मी."

"पुढं वाचा सर. टाईम नाई."

"कॉलेज सोडण्याचे कारण..." प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पालकाच्या इच्छेवरून?"

मयुरीनं वर पाहिलं.

"तुमची इच्छा होती, बाबूजी?"

"लिवलं आहे ना," बडेबाबू म्हणाले. "शिक्का बी मारला आहे. आता खोडता येत नाई. करा सही."

सही झाली. मयुरीनं टीसी बाकड्यावर सरळ करून मोबाईलनं फोटो काढला, पाठवला. आम्ही चहा सांगितला आणि कोणीच प्यायलो नाही. बडेबाबू तिच्या मोबाईलकडे एकटक पाहत होते. "पोच आली?" "नाई अजून." "आता?" "थांबा ना बाबा." चार चाळीसला तो मोबाईल वाजला. तिनं वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"पोच आली बाबा. सोमवारी रुजू व्हा म्हने."

टपरीवाला आमच्याच कॉलेजचा. त्यानं गार झालेले कप उचलता उचलता बडेबाबूंना ओळखलं, आणि मला दिसलं, त्याच्या डोळ्यांत तेच जुनं हसू आलं. "रामराम बाबूजी! ओळखलं का? बी.ए., एकेचाळीस टक्के! तुमीच भर चौकात सांगतलं होतं. हे पोरगी का? काय केलं मंग पोरीनं? डिग्री झाली का?"

मी मनात म्हटलं, झालं. दीड वर्ष हा माणूस याच प्रश्नाला भिऊन मागच्या गल्लीनं फिरला होता.

"नाई झाली," बडेबाबू म्हणाले. चांगल्या मोठ्या आवाजात, शेजारच्या ट्रकवाल्यांनाही ऐकू जावं असं. "कॉलेज सोडलं. मीच सोडवलं तिले. पुन्याले नोकरी लागली. हातानं काम करून लागली."

टपरीवाल्यानं चहा पुन्हा गरम करून आणून दिला. बाप-लेक बाकड्यावर शेजारी बसून प्यायले. तिनं डोकं त्यांच्या खांद्याला टेकवलं होतं आणि तिच्या हातात ती टीसी होती. मी माझ्या मोबाईलनं गुपचूप एक फोटो काढून ठेवला.

त्याला आता महिना झाला. बडेबाबू पुन्हा सोमवारच्या बाजारात जातात, बेचाळीस टक्केवाल्यांना छळतात. माझी नोंद अजून दुरुस्त झालेली नाही. रविवारचा फोन आता 'जेवली'वर संपत नाही. तो अर्धा तास चालतो, आणि मला माझ्या ओसरीवर सगळा ऐकू येतो. कंप्युटरवर कपडा झाकत जा, एवढी सूचना ते तिला न चुकता देतात.

परवा ते दुकानात आले. समोरच्या रस्त्यानं, सरळ. इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "गजू, मयुरीचा नवा फोटो आसन ना तुह्या मोबाईलात?"

मी चमकलो. "बाबूजी, आता कोणत्या फॉर्मले? नाव त कटलं."

"फॉर्म नाई." ते काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवत राहिले. "दर पाच-सहा महिन्यानं नवा फोटो भेटत होता. फॉर्म भराचा म्हनून. आता कायच्यासाठी मागू? असाच दे. घरी ठेवाले."

मी जामचा तो फोटो काढून दाखवला. त्यांनी तो खूप वेळ पाहिला.

"मागचं पांढरं करू का?" मी विचारलं.

"नाई. राहू दे टपरी," ते म्हणाले. "मीबी आहो ना त्याच्यात."

"किती कॉपी?"

"तीन," बडेबाबू म्हणाले. "एक हाताशी, एक कपाटात. आन एक तिले पाठव. पोच घेजो."